शाळिग्राम, कच्छचा दगड आणि मादागास्कर: एकाच कुळातले प्राणी तीन ठिकाणी कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजीनं मुक्तिनाथच्या यात्रेहून आणलेला शाळिग्राम देवघरात आहे आणि त्याच्या फुटलेल्या बाजूनं आत चक्र दिसतं. मित्रानं कच्छहून आणलेला गुंडाळीचा दगड हुबेहूब तसाच आहे. दोन्ही अ‍ॅमोनाइट, म्हणजे गुंडाळीच्या शंखाचे आता नामशेष झालेले समुद्री प्राणी आहेत आणि असेच मादागास्करमध्येही मिळतात, असं वाचलंत. मग हा प्राणी एवढ्या लांब पोहत गेला, की तेव्हा सगळीकडे समुद्रच होता?

दोन्ही नाही. प्राणी थोडेफार फिरले, जमीन मात्र फारच फिरली. हे एका ओळीचं उत्तर शाळेच्या पुस्तकातही मिळेल. समुद्री जीवाश्म कुठे सापडतात, एवढ्यावरून तो प्राणी कुठे राहत होता हे सांगायचं तर मध्ये बऱ्याच फसगती आहेत, आणि माझी तीसेक वर्षं त्याच फसगती सोडवण्यात गेली. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी तुमच्या दोन दगडांविषयी. शाळिग्राम येतात काली गंडकीच्या पात्रातून. मुक्तिनाथच्या आसपासच्या डोंगरात काळ्या शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या खडकाचे थर आहेत, त्यात गोळे असतात आणि गोळ्याच्या आत कधीकधी अ‍ॅमोनाइट. नदी ते सोडवून घासूनपुसून खाली आणते. वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून चक्र करतो, अशी समजूत आहे. दगड आणि प्राणी यांचा काहीतरी संबंध आहे हे आपल्या लोकांनी फार पूर्वी ताडलं होतं, फक्त उलट बाजूनं: प्राण्यानं दगड कोरला नाही, प्राण्याच्याच शंखाचा ठसा दगडात राहिला. हे थर हिमाचलातल्या स्पितीपासून नेपाळपर्यंत पसरलेत, त्यांना ‘स्पिती शेल’ म्हणतात. वय उत्तर ज्युरासिक, म्हणजे साधारण १६ ते १४.५ कोटी वर्षं. कच्छमधले अ‍ॅमोनाइटचे नावाजलेले थर बहुतांशी त्याहून थोडे आधीचे, १६.५ कोटींच्या आगेमागे सुरू होणारे. म्हणजे तुमच्या घरातले दोन दगड एका काळातले असतीलच असं नाही. त्यांच्यामध्ये एक कोटीचं अंतरही सहज असू शकतं. ‘सारखे दिसतात’ इथेच पहिली फसगत आहे.

अ‍ॅमोनाइटचं रूप वरवर पाहणाऱ्याला एकच वाटतं: गुंडाळी आणि त्यावर बरगड्या. ओळख पटवायची तर बरगड्या कुठे दुभंगतात, पोटाकडची (म्हणजे गुंडाळीची बाहेरची) कड गोल की धारदार, मधली खळगी केवढी, आणि कप्प्यांच्या पडद्यांनी शंखावर उमटवलेली नागमोडी शिवण कशी आहे, हे सगळं बघावं लागतं. एवढं करूनही तज्ज्ञ चुकतात. विल्हेल्म वागेननं १८७३ ते १८७५ मध्ये कच्छच्या अ‍ॅमोनाइटांवर मोठा ग्रंथ केला, आणि एल. एफ. स्पाथनं १९२७ ते १९३३ या काळात तो सगळा पसारा नव्यानं तपासला. स्पाथची नजर अफाट होती, पण तो नावं वाटायला लागला की थांबत नसे. थोडा फरक दिसला की नवी जात. पुढे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडमध्ये माकोव्स्की आणि इंग्लंडमध्ये कॅलोमन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की मोठ्या आणि लहान शंखांच्या ज्या जोड्या एकाच थरात सतत एकत्र सापडतात, त्या बहुधा एकाच जातीच्या नर-माद्या आहेत. झालं! मॅक्रोसेफॅलाइटिस म्हणजे मोठा शंख आणि काम्प्टोकेफॅलाइटिस म्हणजे लहान, अशी दोन प्रजातींची (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) नावं एकाच घरातल्या दोघांना दिली गेली होती.

याचा भूगोलाशी काय संबंध, असं वाटेल. फार जवळचा आहे. समजा कच्छमध्ये एकानं एक नाव दिलं आणि मादागास्करमध्ये दुसऱ्यानं त्याच प्राण्याला वेगळं नाव दिलं, तर कागदावर दोन निराळे ‘जैवप्रांत’ (आपापले वेगळे प्राणी असलेले प्रदेश) तयार होतात, आणि मध्ये नसलेली भिंत उभी राहते. उलटही घडतं. टांझानियातल्या तेंडागुरूला १९०९ ते १९१३ मध्ये जर्मन मोहिमेनं डायनोसॉर खणून काढले. तिथल्या एका समुद्री थराला त्यांनी ‘ट्रायगोनिया स्मीई’ या शिंपल्याचं नाव दिलं, कारण तो कच्छच्या शिंपल्यासारखा दिसला. (कच्छचा मूळ शिंपला कॅप्टन स्मी यानं जमवला आणि सॉवर्बीनं १८४० मध्ये त्याच्या नावानं तो प्रसिद्ध केला.) पुढे बारकाईनं पाहिल्यावर आफ्रिकेतली जात वेगळी निघाली. आज तो थर ‘इंडोट्रायगोनिया आफ्रिकाना’च्या नावानं ओळखतात. सख्खे नव्हते, चुलत निघाले. नातं तुटलं नाही, पण ‘एकच जात दोन्ही किनाऱ्यांवर’ हे विधान गेलं.

दुसरी फसगत मेलेल्या प्राण्याच्या प्रवासाची. अ‍ॅमोनाइटचा शंख कप्प्याकप्प्यांचा, आत वायू. आजचा त्याचा दूरचा नातेवाईक नॉटिलस जिवंत असतो तो फक्त फिलिपिन्स, फिजी, ऑस्ट्रेलियाच्या आसपासच्या समुद्रांत. त्याचे रिकामे शंख मात्र वाहत वाहत भारताच्या, श्रीलंकेच्या, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यांना लागतात. एक कोटी वर्षांनी कुणी हे शंख खणून काढले तर तो नक्की लिहील: नॉटिलस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहत होता. आम्हीही असंच काही लिहिलं नाही ना, ही शंका एकेकाळी अ‍ॅमोनाइटच्या सगळ्या नकाशांवर घेतली गेली.

ती दूर करायला खुणा आहेत. प्राणी खोल पाण्यात मेला तर दाबानं कप्प्यांत पाणी शिरतं आणि शंख तिथेच बसतो. उथळ पाण्यात मेला तर तो वर येऊन तरंगण्याची शक्यता जास्त, त्यातही मोठा शंख जास्त तरंगतो. बराच काळ तरंगलेल्या शंखावर सगळ्या बाजूंनी कालवं आणि नळीकिडे चिकटलेले दिसतात. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पिल्लं. एकाच थरात नखाएवढ्या पिल्लांपासून ताटाएवढ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे सापडले तर वाहून आलेली वरात नाही, वस्तीच होती असं समजायचं. जबड्याच्या झडपाही बघतात. त्या शंखातून गळून खाली पडतात, शंखासोबत हजारो किलोमीटर जात नाहीत. कच्छच्या थरांत लहानमोठे सगळे एकत्र मिळतात. तेव्हा कच्छला ते राहत होते, एवढं बिनधास्त म्हणता येतं.

जिवंत प्राणी किती फिरत असेल? प्रौढ अ‍ॅमोनाइट फार वेगवान नसावेत, पण अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम एक मिलिमीटरचं. असली पिल्लं प्रवाहाबरोबर जात. म्हणून काही प्रजाती अर्ध्या जगात पसरल्या. शिंपल्यांचं तसं नाही. ट्रायगोनियासारखा शिंपला उथळ तळात रुतून बसणारा. त्याची पिल्लं थोडे दिवस पाण्यात तरंगत, मग बूड टेकायला उथळ जागा हवीच. मध्ये खोल महासागर आला तर खेळ संपला. त्यामुळे दोन किनाऱ्यांच्या नात्याचा पुरावा द्यायचा झाला तर मी अ‍ॅमोनाइटपेक्षा शिंपल्यांवर जास्त भरवसा ठेवते. अ‍ॅमोनाइट देखणे असतात, म्हणून मान त्यांना मिळतो!

आता जमिनीकडे. आज कच्छपासून मादागास्करचा वायव्य किनारा सुमारे ५,००० किलोमीटर लांब आहे. कच्छपासून मुक्तिनाथ सुमारे १,५००. ज्युरासिकमध्ये भारत दक्षिण गोलार्धात, मादागास्करला चिकटून होता. पलीकडे आफ्रिका आणि त्यांच्यामध्ये नुकतीच फाट पडून समुद्राची चिंचोळी पट्टी आत शिरत होती. कच्छ, मादागास्करची पश्चिम बाजू, केनिया आणि टांझानिया हे सगळे त्या एकाच आखाताचे काठ. मुक्तिनाथ आणि स्पिती हे भारताच्या उत्तर कडेला, टेथिस नावाच्या तेव्हाच्या महासागराकडे तोंड करून. म्हणजे एकाच घराची दोन दारं: एक आखातात उघडणारं, दुसरं मोकळ्या समुद्रात.

सगळीकडे समुद्र नव्हताच. भारताचा बराचसा अंतर्भाग तेव्हा जमीन होती. समुद्र फक्त कडांवर चढउतार करत होता, कच्छमध्ये आणि जैसलमेरमध्ये. (जैसलमेरचा तो पिवळा दगड, जो आपल्याकडे बंगल्यांच्या फरशांना वापरतात, त्यात शिंपल्यांचे आडवे छेद पुष्कळदा दिसतात. यजमानांची वाट बघताना मी अनेकदा लोकांच्या दिवाणखान्यात वाकून बसलेली आहे.) हिमालय नंतर उचलला गेला. टेथिसचा तळ आणि त्यावरचे अ‍ॅमोनाइट आज चार हजार मीटरवर दिसतात ते त्यामुळे. समुद्र डोंगरावर चढला नाही, तळ वर आला.

या मांडणीची खरी परीक्षा घेणारा प्राणी म्हणजे मायाइटिस. ऑक्सफर्डियन काळातला, म्हणजे साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा, गुबगुबीत, मोठा अ‍ॅमोनाइट. कच्छच्या ‘धोसा ऊलाइट’ (ऊलाइट म्हणजे बारीक गोल दाण्यांचा खडक) या थरात तो मिळतो. मादागास्करमध्ये मिळतो, पूर्व आफ्रिकेत मिळतो, नेपाळच्या काळ्या शेलमध्ये मिळतो, इंडोनेशियाच्या सुला बेटांवर मिळतो. युरोपात, जिथे दोनशे वर्षं लोक ज्युरासिक दगड फोडत बसलेत, तिथे नाही. उलट इंग्लंडमध्ये त्याच वयाच्या थरांत कार्डिओसेरास नावाचा थंड समुद्रातला अ‍ॅमोनाइट ढिगानं, आणि तो कच्छला नाही. तुमच्या तीन ठिकाणांना एकत्र बांधणारं उदाहरण हवं असेल तर हे घ्या. जुना नकाशा मांडला की मायाइटिसची सगळी गावं गोंडवनाच्या, म्हणजे भारत, आफ्रिका, मादागास्कर वगैरे एकत्र असलेल्या जुन्या महाखंडाच्या, उत्तर कडेला आणि त्या आखाताच्या काठांना ओळीनं बसतात. आजच्या नकाशावर ती हिंदी महासागरभर उधळलेली दिसतात.

ही ओळ जुन्या लोकांनाही दिसली होती. व्हिएन्नाच्या मेल्कियोर नॉयमायरनं १८८३ मध्ये ज्युरासिक समुद्रांचे हवामानपट्टे आखले आणि १८८५ मध्ये त्या काळच्या जमीन-समुद्राचा नकाशाच काढला. भारत आणि मादागास्कर जोडणारं एक लांबलचक द्वीपकल्प त्यात आहे. त्याच वर्षी त्याच्या सासऱ्यानं, एडुआर्ड सूसनं, ‘गोंडवनलँड’ हे नाव छापून आणलं. जावयानं आणि सासऱ्यानं दोन बाजूंनी एकच कोडं धरलं होतं. दोघांची अडचणही एकच: खंड जागचे हलत नाहीत असं गृहीत, म्हणून मधली जमीन नंतर बुडाली असं म्हणावं लागलं. वेगेनरनं १९१२ मध्ये खंड सरकवले, तरी भूशास्त्रज्ञांना ते गळी उतरायला आणखी अर्धं शतक लागलं. नॉयमायरचा नकाशा मी विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवते. कारण चुकीचं, नातं बरोबर.

आणखी एक खाच आहे, ती बऱ्याच लेखांत राहून जाते. एकच प्रजाती दोन ठिकाणी सापडली म्हणजे ती दोन्हीकडे एकाच वेळी होती असं नाही. मॅक्रोसेफॅलाइटिस युरोपात ज्युरासिकमधल्या कॅलोव्हियन काळाच्या सुरुवातीला येतो. इतका एकदम येतो, की एकेकाळी तो दिसला की कॅलोव्हियन सुरू झाला असंच धरत. इंडोनेशियात आणि कच्छमध्ये तो त्याच्या आधीच्या बाथोनियन काळातच हजर आहे. म्हणजे तो पूर्वेकडचा रहिवासी, युरोपात उशिरा पोचलेला. युरोपचं कॅलेंडर कच्छला लावून काहींनी कच्छचे सगळ्यात खालचे थर आहेत त्यापेक्षा तरुण ठरवले होते. युरोपात आधी अभ्यास झाला म्हणून तिथलंच मोजमाप प्रमाण, ही सवय आमच्या शास्त्रात अजून पुरती गेलेली नाही.

आता ‘नसण्या’बद्दल, कारण भूगोलाच्या चुका बहुतेक तिथे होतात. आमच्याकडचं गाजलेलं उदाहरण ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशियस काळातलं. नर्मदेच्या खोऱ्यात धारच्या आसपास ‘बाघ’चे थर आहेत, आणि तामिळनाडूत त्रिचनापल्ली–अरियलूरचे. दक्षिणेकडच्या जीवाश्मांवर फर्डिनांड स्टोलिच्कानं १८६३ ते १८७३ अशी दहा वर्षं घालवली. (पुढच्याच वर्षी लडाखमध्ये मोहिमेवरून परतताना तो वारला, कबर लेहमध्ये आहे.) दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या लोकांना धक्का बसला. सामायिक जाती फारच थोड्या. बाघचे सागरी साळिंदर (सी अर्चिन) वर्गातले प्राणी अरबस्तान आणि युरोपकडे झुकणारे, त्रिचनापल्लीचे अ‍ॅमोनाइट दक्षिण आफ्रिका, मादागास्कर आणि पॅसिफिककडे. निष्कर्ष निघाला: मध्ये आफ्रिकेपर्यंत जाणारी जमिनीची भिंत होती, दोन समुद्र कधी भेटलेच नाहीत. पाठ्यपुस्तकांतून हा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. मीही तोच घोकला.

बाघला स्वतः गेल्यावर वेगळं दिसतं. तिथला खडक उथळ, कोमट खाडीतला चुनखडक. त्यातल्या एका थराला ‘कोरलाइन लाइमस्टोन’ म्हणतात, आणि त्यात पोवळी जवळजवळ नाहीतच, सगळे ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे बारीक समुद्री प्राणी. कुणीतरी लांबून बघून नाव ठेवलं, ते चिकटलं. उलट त्रिचनापल्लीकडे बरेच थर चिखलाचे, किनाऱ्यापासून लांबच्या, जास्त खोल पाण्यातले. शिवाय दोन्हीकडचे सगळे थर एका वयाचे नाहीत: दक्षिणेतल्याच उत्तातूरचा भाग आधी सुरू होतो, अरियलूरचा नंतरपर्यंत चालतो. खाडीतले प्राणी आणि खोल पाण्यातले प्राणी वेगळे असायला मध्ये खंड कशाला हवा? रत्नागिरीच्या खाडीतली कालवं आणि पन्नास किलोमीटर आत ट्रॉलरच्या जाळ्यात येणारं यांची यादी केली तर तीही जुळणार नाही. पुढे बाघच्या अ‍ॅमोनाइटांची नीट फेरतपासणी झाली. व्रेडेनबर्गनं १९०७ मध्ये ‘प्लॅसेंटिसेरास मिंटोई’ असं खास इथलं म्हणून नाव दिलेला प्राणी आता दक्षिण आफ्रिका आणि मादागास्करमध्येही मिळणाऱ्या जातीत धरतात. भिंतीच्या पश्चिमेचा म्हणून ठेवलेला साक्षीदार फितूर झाला म्हणा. जमीन मध्ये होती, हे खरंच. पण याद्यांचा फरक हा तिचा पुरावा म्हणून जेवढा पक्का मानला गेला तेवढा तो नाही.

थंड पाण्याच्या प्राण्यांची गोष्ट मात्र सरळ आहे. ज्युरासिकच्या बऱ्याच आधीच्या पर्मियन काळातला युरीडेस्मा हा जाड कवचाचा शिंपला हिमनद्यांच्या गाळाजवळ राहणारा. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला हसदेव नदीकाठी, पाकिस्तानच्या मिठाच्या डोंगररांगेत, ऑस्ट्रेलियात, अर्जेंटिनात तो सापडतो. गोंडवनाच्या थंड किनाऱ्यांबाहेर तो जात नाही. मनेंद्रगड आज समुद्रापासून किती आत आहे, ते नकाशात बघा.

आणि महाराष्ट्र? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. आपल्या बहुतेक भागावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा पसरलाय, पश्चिम घाटात दोन किलोमीटरच्या घरात. लाव्हा जमिनीवर वाहिला, समुद्री प्राण्याचा त्यात संबंध नाही. पुण्याजवळून लोक मला ‘अ‍ॅमोनाइट’ आणून देतात, ते बहुतेक वेळा कांद्यासारखे थर सुटत झिजलेले बेसॉल्टचे गोळे असतात. दगड परत देताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही. त्यामुळे अ‍ॅमोनाइटच्या नकाशावर महाराष्ट्र कोरा दिसतो, पण तो कोरेपणा झाकणाचा आहे. झाकणाखाली काय आहे, ते बाघसारख्या कडेच्या उघड्या खिडकीतूनच थोडंफार दिसतं.

शेवटी तुमच्या दगडांकडे परत. एकदा माझ्याच निष्काळजीपणानं जैसलमेरच्या पिशवीतला एक ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखा दिसणारा समुद्री प्राणी) कच्छच्या ट्रेमध्ये गेला. दीड वर्ष मी ती जात कच्छमध्ये होती असं मानून चालले, एका सभेत बोललेही. उलगडा झाला तो त्याच्या खळग्यात अडकलेल्या चिमूटभर खडकामुळे: रंग पिवळा, आणि त्या कच्छी थरात असतात तसे लोहाचे दाणे नाहीत. तेव्हापासून खळग्यातली माती मी कुणाला धुऊ देत नाही.

तुम्हीही मित्राचा दगड घासू नका. तो नेमका कुठे उचलला, झुरा, कीरा, जुमारा की आणखी कुठे, हे आजच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी दगडासोबत ठेवा. मग भिंगातून खळग्यात बघा. मोहरीहूनही बारीक, सोनेरी चमकेचे गोल दाणे दिसले आणि दगड झुरा-कीराकडचा असेल, तर तो ‘गोल्डन ऊलाइट’चा असण्याची शक्यता आहे आणि प्राणी मॅक्रोसेफॅलाइटिसच्या घरातला असू शकतो. दाणे हिरवट-तपकिरी असतील तर धोसा, आणि मग मायाइटिसची आशा धरायला हरकत नाही. शाळिग्राम मात्र फोडू नका. फुटलेल्या बाजूचा एक आणि पोटाकडच्या कडेचा एक, असे दोन फोटो शेजारी नाणं ठेवून टाका. बरगड्या कुठे दुभंगतात ते दिसलं तर निदान कुळापर्यंत सांगता येईल.